चाळीस हजारांचा हिशेब : नागपुरातल्या जुन्या घरांच्या वारसांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

महाल भागातलं आमचं घर पाडायला मला एक रुपयाही खर्च आला नाही. उलट ठेकेदारानेच माझ्या हातावर चाळीस हजार ठेवले. एप्रिल २०२२ ची ही गोष्ट. "बाई, तुमाले काईच द्या लागत नाई, मीच तुमाले देतो," असं तो म्हणाला आणि मला ते खरंच वाटलं. दोन भावांना फोन केले, एक पुण्यात, एक रायपूरला. दोघेही म्हणाले, बरं झालं, कटकट गेली.

मी तीस वर्षं एका सहकारी बँकेत हिशेब पाहिले. जमा आणि नावे, म्हणजे आलेलं आणि गेलेलं, जुळल्याशिवाय संध्याकाळी वही मिटायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. तरी त्या दिवशी मी फक्त जमेची बाजू पाहिली. नावेची बाजू पुढची दोन वर्षं एकेक करून समोर येत गेली. ती सगळी तुमच्यापुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तुम्ही म्हणजे महाल, इतवारी, जुनी शुक्रवारीच्या गल्ल्यांत ज्यांच्या आजोबांचं घर अजून उभं आहे ते. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगरात ज्यांच्या वडिलांनी पगारातून पैसे साठवून बंगली बांधली आणि आता जिथे फ्लॅट स्कीम यायची आहे, तेही. घर पाडू नका, असं सांगायला मी बसलेली नाही. आमच्या मागच्या खोल्यांना वाळवी लागली होती, माडीचा जिना हलत होता, तिघांचे हिस्से होते. पाडण्यावाचून मार्ग नव्हता. माझं सांगणं एवढंच की, ठेकेदार जो आकडा सांगतो तो पाडण्याचा खर्च नसतो. ती वजाबाकी असते. घरातून जे निघणार त्याच्या किमतीतून मजुरी, गाडीभाडं आणि स्वतःचा नफा वजा करून उरलेला आकडा तो तुमच्यापुढे ठेवतो. त्या वजाबाकीत काय धरलं आणि काय सोडून दिलं, ते सांगत नाही. पहिला घाव पडायच्या आधी ती वजाबाकी उघडून घ्या.

घर पाहायला आला तेव्हा ठेकेदार कुठे कुठे पाहत होता, ते मला आता नीट आठवतं. भिंतींकडे त्याने लक्षच दिलं नाही. आधी मान वर, कडीपाटाकडे. मग चौकटी, दारं, खिडक्यांचे गज, माडीचा बिडाचा कठडा. वडिलांनी मागे दोन खोल्या वाढवल्या होत्या, त्यांच्या स्लॅबखाली उभा राहून त्याने वर बघत मनाशी काही मोजलं. शेवटी बाहेर गेला आणि गल्लीची रुंदी पावलांनी मोजली. तेव्हा मला वाटलं, हा उगाच रेंगाळतो आहे. तो हिशेब करत होता, आणि मी चहा टाकायला आत गेले होते.

आधी लाकडाचं सांगते. आमच्या पुढच्या भागाला नऊ तुळया होत्या, साऱ्या सागाच्या. आपल्या विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल हाताशी, त्यामुळे नागपुरातल्या जुन्या घरांत साग सढळ हाताने वापरलेला असतो. आजोबा सांगायचे, लाकूड बल्लारशावरून आलं. एकेक तुळई ८ इंच बाय ६ इंच, लांबी १५ फूट. गुणाकार करून पाहा, एका तुळईचं बरोबर ५ घनफूट होतं. वजन नव्वद किलोच्या आसपास. चार माणसांनी दोरखंड बांधून पहिली तुळई उतरवली तेव्हा मी अंगणात उभी होते. वरचा सारा भाग चुलीच्या धुराने काळा पडलेला. पण भिंतीत गेलेला हातभर तुकडा बाहेर आला तो पिवळा, जणू कालच रंधा मारलेला. त्या टोकावर सुताराने पटाशीने आकडा कोरला होता : ७. म्हणजे त्याने आधी खाली अंगणात सगळ्या तुळया जोडून पाहिल्या असतील, नंबर घातले असतील आणि मग वर चढवल्या असतील. सत्तर-पंचाहत्तर वर्षं तो आकडा भिंतीच्या पोटात होता. मी हात लावून पाहिला आणि बाजूला झाले, कारण दुसरी यायची होती.

पुढे काही महिन्यांनी लकडगंजात लाकडाच्या एका टालावर मी जुन्या सागाचा घनफुटाचा भाव सहज विचारला. पंचेचाळीस घनफुटांनी गुणला. नुसत्या तुळयांचेच चाळीस हजारांच्या पुष्कळ वर गेले. दारं, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या, वासे अजून धरलेच नव्हते. लोखंडही नाही. हजार चौरस फुटांच्या ५ इंची स्लॅबमधून साधारण टनभर सळई निघते, आमचा त्याच्या निम्मा होता.

विटांचं कोणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. चुन्यात बांधलेल्या भिंतीची वीट अख्खी निघते. करणीने हलकेच ठोकली की चुना झडतो आणि वीट पुन्हा कामाला येते. सिमेंटमध्ये बांधलेली वीट मात्र मसाला सोडत नाही, ती फुटते. आमच्या एकाच घरात दोन्ही प्रकार होते. पुढच्या भागातल्या हजारो विटा मजुरांनी अंगणात रचल्या, दोन बायका दिवसभर त्या साफ करत बसायच्या, आणि रात्री त्या टिप्परने जायच्या. मागच्या खोल्यांचा सगळा चुरा झाला. तुमचं घर १९५० च्या आधीचं असेल, तर भिंतीचा गिलावा एका जागी खरवडून मसाला कसला आहे ते आधी बघा. पांढरा चुना दिसला तर ती भिंत म्हणजे माल आहे, मलबा नव्हे.

ज्यांचं घर बिल्डरकडे जाणार आहे, त्यांनी करारनामा पुन्हा वाचावा. पाडकामातून निघणारं सर्व साहित्य विकासकाचं राहील, अशी एक ओळ त्यात बहुतेक असते. तिच्यापुढे कुठलीही रक्कम लिहिलेली नसते.

आता जे कोणालाच नको असतं त्याच्याविषयी. मलबा आपल्याकडे ब्रासमध्ये मोजतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक साधं गणित करा. हजार चौरस फुटांचं एकमजली घर, नऊ इंची भिंती, बाहेरच्या आणि आतल्या मिळून १९० फूट लांब, १० फूट उंच. दारं-खिडक्या वजा केल्या तरी १२ ब्रास भिंत उभी आहे. स्लॅब ४ ब्रास. ही सोळा ब्रास नीट रचलेल्या अवस्थेतली. तोडली की मधे पोकळी येते आणि तीच दीडपट फुगते, म्हणजे चोवीसच्या घरात. पाया आणि फरशी अजून जमिनीतच आहे. वजनात सांगायचं तर भिंती साधारण ६५ टन, स्लॅब ३० टन. एका लहानशा घराचे शंभर टन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ब्रासभर माल मावतो, तेव्हा चोवीस फेऱ्या.

आणि त्या फेऱ्या कुठून होणार, यावर सगळं अवलंबून. जेसीबीला आत यायला साडेसात-आठ फूट तरी मोकळे लागतात. आमची गल्ली एका ठिकाणी सहा फुटांची. म्हणजे घन आणि सब्बलीने तोडायचं, डोक्यावरच्या घमेल्याने चौकापर्यंत वाहायचं, रात्री टिप्पर लावायचा. लक्ष्मीनगरात जे दोन दिवसांत होतं त्याला आमच्याकडे तीन आठवडे लागले. ठेकेदाराने पावलांनी गल्ली मोजली ती यासाठी. आणि खर्च वाचवायचा तर कुठे वाचवायचा, हेही त्याने तेव्हाच ठरवलं असणार.

पहिली जागा मला पावसाळ्यात सापडली. आमच्या स्वयंपाकघरात आईने हौसेने बसवलेल्या रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स होत्या, हिरवी पानं आणि मधे लाल फूल. जुलैमध्ये मी एका ओळखीच्यांकडे चालले होते. वाटेत नाल्यावरचा छोटा पूल लागतो, तिथे कठड्याला टेकून जरा थांबले. खाली उतारावर मलब्याचा ढीग होता आणि त्यातून तीन-चार हिरवी पानं वर दिसत होती. पावसाने स्वच्छ धुतलेली. आईने त्या फरशीवर बसून किती पापड लाटले असतील! मी तिथे किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. तो नाला नाग नदीला मिळतो. नाग पुढे पिवळीला घेऊन कन्हानला आणि तिथून वैनगंगेत जाते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण कोणीच विसरलेलो नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नागच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. त्या पुराची कारणं अनेक आहेत, मी त्यातली जाणकार नाही. पण पात्रात मलबा पडला की पात्र उथळ होतं आणि उथळ पात्रातलं पाणी काठावर येतं, हे समजायला जाणकार लागत नाही. ज्यांच्या घरात त्या पहाटे पाणी शिरलं, त्यांना माझ्या चाळीस हजारांतला एक हिस्सा द्यावा लागला, असं मी धरते.

कायदा याबाबतीत मुका नाही. बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम २०१६ मध्ये आले. दिवसाला २० टन किंवा एका कामातून महिन्याला ३०० टन मलबा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार भाग वेगळे करायचे, आणि काम सुरू करण्याआधी स्थानिक संस्थेकडून विल्हेवाटीचा आराखडा मंजूर करून घ्यायचा, असं त्यांत लिहिलं होतं. त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. २०१६ चे नियम वाचताना वाटायचं, हे मोठ्या इमारतींसाठी असेल. वरचं गणित पुन्हा बघा : शंभर टनांचं घर जेसीबीने दोन दिवसांत पाडलं, तर दिवसाला पन्नास टन होतात. आपलं साधं एकमजली घरसुद्धा त्या वीस टनांच्या रेषेच्या कितीतरी वर जायचं. मलबा कुठे टाकणार, हे ठेकेदाराकडून लेखी घ्या आणि प्रत्येक फेरीची पावती मागा. पावती देणार नाही म्हणाला, तर मलबा कुठे जाणार ते तुम्हाला कळलं.

दुसरी जागा आमच्या अंगणातच होती, आणि तिच्याविषयी लिहिताना अजून हात जड होतो.

आमच्या घरात विहीर होती. दगडी बांधणीची, ७ फूट रुंद, ३२ फूट खोल. नळ आल्यापासून तिचं पाणी प्यायला कोणी घेत नसे. झाडांना, धुण्याला, गणपतीच्या दिवसांत अंगण धुवायला. जुलै २०१९ मध्ये तोतलाडोह धरणात पाणी उरलं नाही आणि नागपुराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं, तेव्हा आमच्या गल्लीला ती आठवली. सकाळी सहापासून लोक बादल्या घेऊन यायचे. शेजारच्या काकू सगळ्यांच्या आधी, कारण त्यांना वरच्या मजल्यावर चढवायचं असे. आम्ही मोटर लावून दिली, तरी काहीजण दोरानेच काढायचे, त्यांना ते आवडे. दोन महिने तिने गल्ली पोसली आणि तळ कधी दिसला नाही.

ठेकेदाराशी बोलताना मी विहिरीचं विचारलं होतं. "विहिरीचं मी बघून घेतो," तो म्हणाला. मला वाटलं, जाळी टाकेल, कोणी पडू नये म्हणून. एका सकाळी मी गेले, तर अंगणात विहीर नव्हती. सपाट जमीन. रात्रभरात तिच्यात मलबा लोटून वर माती पसरली होती. व्यास आणि खोली आता तुमच्याकडे आहे, हिशेब करून पाहा : बारा ब्रास. चौकापर्यंत घमेल्याने वाहावी लागणारी बारा ब्रास दहा पावलांवर जिरली. म्हणजे त्याला परवडणाऱ्या त्या भावात आमची विहीर धरलेली होती. मला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

तिचा रुपयातला खर्चही नंतर आलाच. ज्याने ती जागा घेतली, त्याच्या इंजिनिअरने खड्डे घेतले तेव्हा एका कॉलमखाली तीच विहीर आली. सैल भरलेला मलबा वर्षानुवर्षं खचत राहतो, त्याच्यावर पाया टेकवता येत नाही. सगळा उपसून खालपर्यंत काँक्रीट करावं लागलं, आणि ती रक्कम आमच्या शेवटच्या हप्त्यातून कापली गेली. भाऊ म्हणाला, विहीर भरण्याचेही पैसे आपणच दिले आणि उकरण्याचेही.

आता काकूंची भिंत. जुन्या महालात दोन घरांमध्ये एकच भिंत असते, आमच्या तुळयांची टोकं जिच्यात, त्यांच्याही तुळयांची तिच्यातच. आमची बाजू उतरली तेव्हा त्या भिंतीला नऊ भोकं पडली आणि इतकी वर्षं दोन्हीकडून आवळलेली ती भिंत एका बाजूने मोकळी झाली. आतून मातीची, वर नुसता गिलावा. आमच्याकडचा गिलावा तर निघूनच गेला होता. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या उघड्या मातीवर सरळ आपटला. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावून स्वयंपाकघर दाखवलं. देवाच्या कोनाड्यापासून छतापर्यंत चीर गेली होती, बोट जाईल एवढी. त्यांनी देव काढून ताटात ठेवले होते. काकू एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. "बेटा, दिवा कुठे लावू?" एवढंच विचारलं.

त्या भिंतीला अडुसष्ट हजार लागले. ठेकेदार तोवर दुसऱ्या कामावर गेला होता, फोन उचलत नव्हता, आणि आमच्यात कागद होता तो फक्त चाळीस हजार मिळाल्याच्या पावतीचा. पैसे मी दिले आणि मीच द्यायला हवे होते. जे आधी करायला हवं होतं ते फार महाग नव्हतं. पाडण्याआधी काकूंसोबत उभं राहून त्यांच्या घराच्या प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढणं. जुन्या चिरांवर काचेची पट्टी चिकटवणं. भिंत हलली तर काच तडकते आणि वेळीच कळतं. तुळया काढायच्या आधी टेकू लावणं. भोकं त्याच दिवशी विटांनी बंद करून उघड्या बाजूला पावसाआधी गिलावा करणं आणि भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरू नये असा थर देणं. हे सगळं ठेकेदाराच्या भावात आहे की नाही, हे मी विचारलंच नाही. म्हणून ते नव्हतं.

पूर्व नागपुराकडे, जिथे काळी माती आहे, तिथे आणखी जपा. ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेजाऱ्याच्या उथळ पायाला लागून खोल खड्डा घेऊन ठेवला आणि त्यात पाऊस साचला, तर त्याचं घर तुमच्या प्लॉटकडे झुकायला लागतं.

मजुरांविषयी लिहिलं नाही, तर हा हिशेब खोटा ठरेल. बालाघाट आणि शिवनीकडची सात माणसं होती. एप्रिलच्या उन्हात, पायात स्लिपर, तोंडाला दुपट्टा. त्यातला एक पोरगा भिंतीवर उभा राहून स्वतःच्याच पायाखालची भिंत घनाने तोडायचा. पाडकामाच्या सुरक्षेसाठी आपल्या देशात मानक आहे, आय. एस. ४१३०. वीज-पाणी आधी तोडा, वरून खाली मजल्यामागून मजला उतरवा, आधाराशिवाय भिंत उभी ठेवू नका, मलबा मजल्यावर साठू देऊ नका. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पाडकामही बांधकामातच धरलं. पण आमच्या अंगणात हेल्मेट एक होतं, ते मुकादमाच्या डोक्यावर. विटा आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्याला बरं करणारं औषध नाही. पाण्याचा पाइप लावून भिंत सतत ओली ठेवली तर धूळ निम्म्याहून कमी उडते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः पाइप धरून उभी राहिले. मागच्या न्हाणीवर जुने सिमेंटचे पत्रे होते, ते वरून फेकून फोडले. ते पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ओले करून, बोल्ट काढून, अख्खेच उतरवायचे असतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा शेजारची मुलं गंमत बघत उभी होती.

कागदांचं थोडक्यात. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच इमारत पाडणं येतं, तेव्हा परवानगी पाडण्यालाही लागते, नुसती बांधण्याला नाही. घर वारसा यादीत असेल तर ते आधी पाहा. वीज मीटर कायमचं बंद केल्याची पोच घ्या, नळ आणि गटाराचं तोंड बंद करून घ्या. आणि घर पडल्याबरोबर मालमत्ता कर विभागाला लेखी कळवा, नाहीतर नसलेल्या घराचं बिल येत राहतं.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. आमच्या घरातून चौकाकडे गेलेला मलबा भाड्याच्या टिप्परने बाहेर गेला. सात-आठ महिन्यांनी त्याच प्लॉटवर जोत्याच्या भरावासाठी मुरूम बाहेरून आला, तोही टिप्परने, तोही ब्रासच्या भावाने. हजार चौरस फुटांवर दोन फूट भराव म्हणजे वीस ब्रास. लाकूड, प्लास्टिक, माती वेगळी करून विटांचा आणि काँक्रीटचा चुरा नऊ-नऊ इंचांच्या थरांत पाणी मारून घट्ट ठोकला, तर तो जोत्यात चांगला बसतो. जुने मिस्त्री हेच करायचे. मलबा नेण्याचेही पैसे आणि मुरूम आणण्याचेही पैसे वाचतात, आणि नाल्याचा उतार मोकळा राहतो. बांधणारा आणि पाडणारा वेगवेगळे असले की हे कोणी कोणाला सांगत नाही. दोघांना एकदा एका खाटेवर बसवा.

ठेकेदाराला कोंडीत पकडा, असं माझं म्हणणं नाही. त्यालाही पोट आहे आणि त्याचं काम कष्टाचं आहे. पण त्याच्याकडून दोन वेगळे कागद घ्या : एकावर पाडण्याचा, मलबा नेण्याचा, शेजारची भिंत सांभाळण्याचा आणि माणसांच्या हेल्मेट-बुटांचा पूर्ण खर्च, दुसऱ्यावर तुळया, दारं, लोखंड आणि विटा तो किती भावाने विकत घेतो ते. मोजमाप त्याच्यासोबत टेप धरून स्वतः करा. मग जमा आणि नावे समोरासमोर ठेवा. कदाचित तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, खिशातून द्यावे लागतील. तरी तो आकडा खरा असेल.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरी मी गेले होते. तिथल्या मुलाने, म्हणजे आता तोही चाळिशीचा आहे, बेंगळुरूहून येऊन ठेकेदार ठरवला आहे. पैसे ठेकेदारच देणार आहे. मी त्याला म्हटलं, बाबू, आधी तुमची विहीर दाखव. तो म्हणाला, "मावशी, ती तर कधीची कोरडी असेल." मागच्या सांदवाडीत पत्र्याचं झाकण होतं, त्यावर तुटक्या कुंड्या. दोघांनी मिळून ते सरकवलं. त्याने मोबाइलचा उजेड आत सोडला आणि एक खडा टाकला. खालून पाण्याचा आवाज आला.

त्याने ठेकेदाराला तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, सोमवारी येऊ नका, आधी बोलायचं आहे.

आपली,
महालातली एक माजी घरमालकीण